यंत्राने वाचलेल्या मोडी कागदाला दप्तरात कोणते स्थान द्यावे?

नोंदवही (प्रश्न)

नमस्कार. मी एका लहान इतिहास संस्थेच्या दप्तरखान्यात सात वर्षे काम करते आहे. आमच्याकडे साडेतीनशेच्या आसपास रुमाल (कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे) आहेत आणि त्यांतले बहुतेक कागद पेशवेकालीन मोडीतले आहेत. निम्म्या कागदांचे स्कॅनिंग झाले असून, आता लिप्यंतर आणि वर्णनात्मक सूची ही दोन्ही कामे कृत्रिम बुद्धिमत्तेकडून करून घ्यावीत, असा कार्यकारिणीचा आग्रह आहे. त्यामागचे कारण मला समजते, कारण मोडी सराईतपणे वाचणारे आमच्याकडे एकटे काका आहेत आणि त्यांनी सत्तरी ओलांडली आहे.

चाचणीसाठी आम्ही दोनशे कागद यंत्राकडून वाचून घेतले. त्यातल्या वसूलबाकीच्या एका पत्रात कालाची ओळ ‘सु॥ इहिदे’ (सु॥ म्हणजे शुहूर सन, ज्यातले वर्ष अरबी अंकशब्दांत लिहीत; इहिदे म्हणजे एक) अशी सुरू होते, पुढच्या शब्दाचा मधला भाग कसरीने खाल्ला आहे आणि फक्त सुरुवातीचा ‘स’ व शेवटचा ‘न’ शिल्लक आहे. त्यापुढचे ‘मया व अलफ’ (शंभर व हजार) स्वच्छ आहे. यंत्राने तिथे ‘समानीन’ (ऐंशी) असे लिहिले, म्हणजे शुहूर सन ११८१, इसवी सन १७८०-८१. छिद्राचा उल्लेख कुठेही नव्हता. मजकुरात ‘श्रीमंत माधवराव पंडित प्रधान’ असे असल्याने सवाई माधवरावांच्या काळाशी ते वाचन बेमालूम जुळत होते आणि मी ते सूचीत चढवलेही.

काकांनी मात्र रुमाल सोडायला लावला. ‘स’ने सुरू होऊन ‘न’ने संपणारे दशक सलासीन (तीस), सितैन (साठ), सबैन (सत्तर) आणि समानीन यांपैकी कोणतेही असू शकते. माधवरावांच्या नावामुळे पहिली दोन बाद होतात, पण सबैन उरतेच, आणि ११७१ म्हणजे १७७०-७१ या वर्षी थोरले माधवराव पेशवे होते. काकांनी त्या पत्राच्या वरचा आणि खालचा कागद पाहिला. गाव तेच, बाकीचा विषय तोच, आणि दोन्हींवर शके १६९२ विकृतिनाम संवत्सर स्पष्ट लिहिलेले. पत्र १७७०-७१ चे आहे, याविषयी आता आम्हाला शंका नाही.

माझा यंत्राला विरोध नाही. परंतु या प्रसंगानंतर त्याच्या वाचनाकडे कोणत्या नजरेने पाहावे हे मला ठरवता येत नाही. इतर दप्तरखान्यांत काम करणाऱ्यांनी आपला अनुभव सांगावा, ही विनंती.

मृगसाल

नोंदवहीताई, आपण सांगितलेला प्रसंग फार महत्त्वाचा आहे, आणि मला त्यातली सर्वांत मोलाची गोष्ट काकांनी रुमाल सोडायला लावला ही वाटते. यंत्रापुढे एका पानाची प्रतिमा होती, तर काकांपुढे संपूर्ण रुमाल होता. कागद ज्याच्या दप्तरातून ज्या क्रमाने आले तो क्रम मोडू नये, हा आपल्या व्यवसायाचा मूळ नियम अशाच वेळी उपयोगी पडतो, आणि प्रतिमा सुट्या करून यंत्राला देताना तो नियम आपण स्वतःच्या हाताने मोडत असतो.

मी तीस वर्षे अभिलेखपाल होतो. निवृत्त झालेल्या माझ्या पिढीतले अनेकजण या तंत्राला सरसकट नको म्हणतात, आणि ते मला पटत नाही. रियासतकार सरदेसायांनी १९३० ते १९३४ या काळात पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड संपादित केले. ते काम प्रचंड होते, तरी ती निवडच होती, आणि दप्तरातले असंख्य रुमाल आजही कोणी न वाचलेले पडून आहेत. अमुक गावाचे नाव कोणत्या रुमालात येते, एवढे जरी यंत्राने सांगितले, तरी संशोधकाचे महिने वाचतील. कागद शोधून काढण्यासाठी यंत्र अवश्य वापरावे. कागदात काय लिहिले आहे, हे सांगण्याचा अधिकार मात्र त्याला देऊ नये.

वळणदार

मी हस्ताक्षर ओळखणाऱ्या प्रणालींवर काम करतो, म्हणून एक तांत्रिक बाजू मांडतो. काही वर्षांपूर्वीच्या प्रणाली अक्षरे चुकवत, तेव्हा निरर्थक शब्द तयार होई आणि वाचणाऱ्याला चूक तात्काळ कळे. आताची भाषा-प्रारूपे पुढे कोणता शब्द संभवतो याचा अंदाज बांधून लिहितात, त्यामुळे त्यांची चूकही शुद्ध आणि अर्थपूर्ण मराठीत येते. आपल्या ‘समानीन’चे नेमके तसेच झाले आहे. मोडीत हा धोका अधिक आहे, कारण शिरोरेषा आधी सलग ओढलेली असते, शब्द सुटे नसतात आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो, म्हणजे अंदाजाला मुळातच पुष्कळ वाव असतो.

शिकवण्याच्या साहित्याचाही प्रश्न आहे. युनिकोडमध्ये (संगणकावरील अक्षरांच्या जागतिक प्रमाणात) मोडीला जागा मिळाली ती २०१४ मध्ये, आणि तज्ज्ञांनी तपासलेली मोडी पाने आजही फार थोडी उपलब्ध आहेत. नेदरलँड्सच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने डच ईस्ट इंडिया कंपनीचे लाखो हस्तलिखित कागद यंत्राकडून वाचून घेतले, पण त्याआधी माणसांनी हजारो पाने अक्षर न् अक्षर उतरवून दिली होती. आपल्याकडे चिटणीसी, बिवलकरी, रानडी अशी वळणे वेगवेगळी आहेत. एका वळणावर शिकवलेले यंत्र दुसऱ्या वळणावर अडखळते, आणि अडखळल्याचे स्वतःहून सांगत नाही.

माझी सूचना अशी की छिद्र, डाग किंवा फाटलेला भाग स्कॅन करतानाच चिन्हांकित करावा आणि तेवढ्या जागी यंत्राने काही लिहिले तरी ते काढून टाकून टिंबे द्यावीत. पूर्वीचे संपादक हेच करत आले आहेत.

इनामपत्र

मृगसाल सरांचे म्हणणे मला आदरपूर्वक अपुरे वाटते. यंत्राचे वाचन केवळ शोधण्यासाठी ठेवू, असे आपण म्हणतो खरे, परंतु ते एकदा संकेतस्थळावर दिसू लागले की लोक तेच वाचन म्हणून घेतात. आमच्याकडे येणाऱ्यांत इतिहास संशोधक थोडे असतात. वतनाचा, इनामाचा किंवा जातीच्या नोंदीचा कागद शोधायला आलेली कुटुंबेच अधिक असतात. २०२३ मध्ये राज्यभर कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांची किती निकड भासली हे आपण सर्वांनी पाहिले. तशा नोंदीत यंत्राने एक शब्द अंदाजाने भरला, तर एखाद्या मुलाचा प्रवेश किंवा एखाद्या घरातली नोकरी त्यावर अवलंबून असू शकते. वाचन चुकले तर कोणाला विचारायचे, हे त्या कुटुंबाला कळले पाहिजे. म्हणून प्रत्येक वाचनाखाली ते कोणी केले, कोणत्या तारखेला केले आणि कोणी तपासले याची नोंद हवी, आणि न तपासलेले वाचन लोकांसमोर ठेवूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आणखी एक विचारावेसे वाटते. आपल्या प्रतिमा कोणाच्या संगणकावर जातात आणि तिथे त्यांचे काय होते, याचा लेखी करार संस्थेने केला आहे का?

नोंदवही

सर्वांचे मनःपूर्वक आभार. करार झालेला नाही आणि तो प्रश्न मला आधी सुचलाही नव्हता. कार्यकारिणीच्या पुढच्या बैठकीत मी तो विषय लेखी मांडते आहे, आणि तोवर नव्या प्रतिमा कोठेही पाठवल्या जाणार नाहीत.

चाचणीतली दोनशे वाचने काल सार्वजनिक सूचीतून काढली. ती फक्त आमच्या संगणकावर शोधासाठी राहतील, आणि प्रत्येक वाचनापुढे रुमालाचा क्रमांक व रुमालातले स्थान लिहिले जाईल, म्हणजे तपासणाऱ्याला वरचा-खालचा कागद लगेच काढता येईल. ‘समानीन’च्या जागी आता ‘स[बै]न’ असे लिहून खाली काकांचे नाव आणि त्या दोन कागदांचे क्रमांक दिले आहेत. उरलेले कागद सोमवारपासून काका आणि मी रुमाल समोर ठेवून तपासणार आहोत.