विषय: शनिवारचं तळं – मका, व्हिप आणि मुलं

वहिनी:
नमस्कार मंडळी,
मुलांना मासे पकडायला न्यायचंय, त्यासाठी तळ्याच्या मालकांशी बोलणं झालं. शनिवारी खालच्या तळ्यावरचे पेग (काठावरच्या ठरलेल्या जागा) १ ते ८ आपले. मुलं ८, व्हिप (हलक्या गळकाठ्या) ६, तेव्हा आलटून पालटून द्यावे लागतील. श्रावण आहे, तीन घरांनी मॅगट (आमिषाच्या जिवंत अळ्या) नको म्हणून स्पष्ट कळवलंय. म्हणून डब्यातला मका घेते आहे, ४ डबे. गळांची पेटी नानांकडेच आहे ना? गळ बांधून ठेवाल का? उद्या रात्रीपर्यंत कळवा, तिकिटांचे पैसे भरायचेत.

नाना:
वहिनी, मका थांबवा. पेटी माझ्याकडे आहे, गळही बांधतो, पण खालच्या तळ्यावर व्हिपला मका लावायचा नाही.

व्हिपला रीळ नाही, आत इलॅस्टिक नाही. तंगूस टोकाला पक्का बांधलेला. मासा पळाला की सैल सोडायला काही उरत नाही, फक्त टोक वाकेल तेवढंच. खालचं तळं कार्प आणि एफ-१ (कार्प आणि क्रूशियनचा संकर) यांनी भरलेलं. ऑगस्टच्या कोमट पाण्यात ४-५ पौंडांचा मासा अगदी काठाला लागून फिरतो. मॅगटवर आधी बारके मासे तुटून पडतात, म्हणून मुलांचं निभतं. मक्याचा दाणा बोटभर रोच माशाच्या तोंडात सहज मावत नाही, तो तसाच तळाशी राहतो आणि कार्प येऊन उचलतो. आमिष बदललं की मासाच बदलला.

तुटणं वाईटच, पण कुठे तुटतं ते जास्त महत्त्वाचं. गळाजवळचा तंगूस तुटला तर माशाच्या तोंडात फक्त गळ राहतो, आणि बार्बलेस (उलटा काटा नसलेला) असला तर बहुधा तो पुढे झटकून टाकतो. वर टोकाशी तुटला तर फ्लोट (ठोका दाखवणारा तरंगता) आणि चार मीटर तंगूस मागे ओढत मासा कमळांत शिरतो, तिथे अडकतो आणि मरतो. पेग ६ समोरचा तो मासा सगळ्यांना आठवत असेल. म्हणून मुख्य तंगूस ०.१४ मिमी आणि गळाचा शेवटचा १५ सेंमी ०.१० मिमी, हा फरक ठेवायचाच. गळ १८ नंबर, बार्बलेस. मालकांचाही तोच नियम आहे. ते वरचं तळं देतात का विचारा. तिथे रोच, रड आणि लहान ब्रीम आहेत.

माई:
वरच्या तळ्यावर टॉयलेट लांब आहे, पाच-सहा वर्षांच्या मुलांना घेऊन जाणं सोपं नाही. आणि मका नको तर कणकेच्या गोळ्या करू की! हळद आणि थोडं हिंग घालून घट्ट मळायची. नदीवर पिढ्यानपिढ्या तेच लावतात, सायप्रिनस त्यावरच येतो. शाकाहारी आहे, घरात असतं, मुलांना मळायलाही मजा येईल.

अण्णा:
माई, सायप्रिनस म्हणजेच इथला कॉमन कार्प. कणकेवर तोच येणार, म्हणजे नानांची अडचण जिथल्या तिथे. दुसरं, १८ नंबरच्या गळावर कणीक टिकत नाही. सैल मळली तर व्हिप झटकून टाकताना हवेतच उडते. घट्ट मळली तर पाण्यात ग्लुटेनमुळे रबरासारखी होते, आणि हिसका दिला तरी गळाचं टोक गोळीतून बाहेर येत नाही. कणकेला १० किंवा १२ नंबरचा मोठा गळ आणि इलॅस्टिकवाला पोल (लांब गळकाठी) हवा. मोठ्यांनी लावावी, मुलांनी नाही.

परवान्याचं कोणीच विचारलं नाही. इंग्लंडमध्ये १३ वर्षांखालच्यांना मासेमारीचा परवाना लागत नाही. १३ ते १६ वाल्यांना फुकट आहे, पण काढावा लागतो. यादीत असे तीन दिसतात, त्यांचे पालक हे वाचत आहेत ना? मोठ्यांपैकी जो गळ टाकेल त्याने एक दिवसाचा काढावा. मालकांचं तिकीट म्हणजे परवाना नव्हे, दोन्ही लागतात. परवान्याविना सापडलं तर दंड २,५०० पौंडांपर्यंत जाऊ शकतो.

दादा:
माझ्याकडे तंगुसाला वजन म्हणून लावायच्या शिसाच्या छऱ्यांचे दोन जुने डबे आहेत, शनिवारी आणतो. आणि कीपनेट (पकडलेले मासे पाण्यात ठेवायचं जाळं) दोन तरी हवीत, नाहीतर कोणाचे किती हे मोजणार कसं? मुलांना वजन करायला आवडतं. बंदी काळाचंही एकदा बघा.

अण्णा:
दादा, ते डबे घरीच ठेवा. ०.०६ ग्रॅमपेक्षा जड ते २८.३५ ग्रॅमपर्यंतचं शिसं १९८७ पासून मासेमारीला चालत नाही. पडलेले छरे गिळून हंस मरत होते म्हणून ती बंदी आली. ८ नंबर आणि त्याहून बारीक छरे शिशाचे चालतात. जुन्या डब्यात सगळे नंबर मिसळलेले असतात, काठावर बसून कोण वेगळे करणार?

बंदी काळ १५ मार्च ते १४ जून, तो नद्यांचा. बहुतेक तळ्यांना लागू नाही, आणि ऑगस्टमध्ये प्रश्नच नाही.

वहिनी:
कीपनेट नाही. मालकांनी तीनदा सांगितलंय. उन्हाळ्यात पाण्यात प्राणवायू कमी, त्यात जाळ्यात मासे दाटीने राहिले की घुसमटतात. मासा काढायचा, मोजायचा असेल तर कागदावर रेघ मारायची, आणि सोडायचा. मासा वर घ्यायची लँडिंग नेटसुद्धा त्यांचीच वापरायची, आपली गाडीतून काढायचीच नाहीत. कार्पला होणाऱ्या कोई हर्पिस विषाणूची भीती आहे. १६ अंशांच्या वर पाणी गेलं की तो पसरतो आणि तळंच्या तळं संपवतो. मासा घरी न्यायचा नाही, एकही नाही. ते मालकांचे मासे आहेत.

पण माझा मूळ प्रश्न तसाच राहिला. मुलांनी लावायचं काय?

नाना:
ब्रेड. साधा पांढरा, मऊ, कापलेला. श्रावणात चालतो, आणि रोच-रड दोघेही त्यावर तुटून पडतात.

कडा कापा. स्लाइस लाटण्याने दाबून चपटा करा, नाहीतर पाण्यात फुगून लगेच गळतो. पंच (टोकाला पोकळ नळी असलेलं छोटं हत्यार) पेटीत तीन आहेत, ४ मिमीचा वापरायचा. ब्रेडवर दाबून फिरवला की गोल चकती नळीत बसते. नळीच्या बाजूच्या खाचेतून गळ घालायचा आणि खाली ओढायचा. टोक उघडं राहिलं पाहिजे. एका चकतीचं आयुष्य मिनिटभर, म्हणून प्रत्येक फेकीला नवी. मुलांचे हात कामात राहतात, तेही बरं. चपटे स्लाइस झिपच्या पिशवीत ठेवा, उघडे ठेवले तर वाऱ्याने दहा मिनिटांत कडक होतात आणि चकती फुटते.

पाण्यात टाकायला वेगळा ब्रेड: कडा काढून मिक्सरमधून, मग चाळणीतून. पाणी घालायचं नाही. मुठीत हलकं दाबलं की गोळी होते आणि पाण्यात सुटून ढग होतो. सुपारीएवढी गोळी, दर दोन-तीन फेकींनंतर एक. एकदम मूठभर टाकलं की मासे पोट भरून निघून जातात, आणि खालून कार्प वर येतो.

खोली तळापर्यंत घ्यायची नाही. प्लमेटने (गळाला अडकवायचं वजन) तळ मोजा, आणि फ्लोट त्याच्या निम्म्यावर सरकवा. कार्प बहुतेक खाली, हे मासे मधल्या पाण्यात. ११ नंबरचे छरे सदऱ्याच्या गुंड्यांसारखे सारख्या अंतरावर लावले की ब्रेड हळूहळू उतरतो, आणि ठोका उतरतानाच येतो. तंगूस व्हिपपेक्षा हातभर कमी, म्हणजे मासा थेट हातात येतो. हात ओले करून धरायचा. गळ आत गेला असेल तर डिसगॉर्जर (गळ सोडवायची काडी), बोटं घालायची नाहीत.

तरंगतं आमिष मालकांना चालत नाही, तेव्हा अख्खा तुकडा कोणी पाण्यात टाकू नये, बदकांनासुद्धा नाही.

माई:
बरं, ब्रेड. पण तळं कुठलं?

वहिनी:
आत्ताच बोलले. वरचं मिळालं, पेग ४ ते ११. माई, लहानांना मी पेग ४ आणि ५ देते, तिथून टॉयलेटला तीन मिनिटं. बुडवलेला ब्रेड मालकांना चालेल.

अण्णा:
पेग ११ सोडा, १० सुद्धा. वरून विजेच्या तारा जातात. व्हिप कार्बनचे आहेत, उभे धरून चालत गेलं तरी धोका. तारांपासून ३० मीटर दूर राहायचं. आठ मुलांना सहा पेग पुरतात, व्हिपही सहाच आहेत.

वहिनी:
४ ते ९, ठरलं. मका परत करते. ब्रेडच्या ५ लाद्या माझ्याकडे, चाळणी माईंची. लाटणी दोन लागतील, एक मी आणते, दुसरं कोण आणतंय? १३ ते १६ वाल्यांचे परवाने गुरुवारपर्यंत मला पाठवा, तिघांपैकी एकच आलाय.