सफारीत एखाद्या जनावराचं मन कळलं असं कधी झालंय का? अनुभव लिहा

आपल्याकडं सफारीहून आलं की पहिला प्रश्न, वाघ दिसला का. मला दुसरंच विचारायचंय. समोरचं जनावर आता काय करणार हे गाईडनं सांगायच्या आधी तुम्हाला आतून कळलं, असं झालंय का कधी, आणि ते कसं जमत गेलं? ताडोबा, टिपेश्वर चालेल, आपला गौताळा, पैनगंगा किंवा गावामागचा माळ असला तरी चालेल. माझ्या मते ही काही दैवी देणगी नाही, गप बसून ऐकायची सवय आहे. पटत नसेल तर तसंही लिहा.

नांदेडहून
ताडोब्यात मोहर्ली गेटनं आत गेलो होतो, चितळ धोक्याचं ओरडायला लागलं की वाघ असंल म्हणून सगळ्या जिप्सी तिकडं पळायच्या. आमचा गाईड म्हणला, इंजिन बंद करा, चितळ उगी पण ओरडतं, सांबराची वाट बघू. थोड्या वेळानं सांबराचा तो मोठा "ढांक" आला अन् ते पाय आपटायला लागलं. गाईड म्हणला सांबराकडं नका बघू, सांबर कुठं बघायलंय तिकडं बघा. तेव्हापासून मी जंगलात वाघ शोधतच नाही, चितळ, वानर, मोर यांची तोंडं कुठं वळलीत तेवढं बघतो, अन् खरं सांगतो, वाघ निघायच्या आधी सगळं रान ताठ होतं ते आता अंगाला कळतं.

पाटोद्याहून (बीड)
आमच्याकडं नायगाव मयूर अभयारण्य, १९९४ चं, मोरांसाठी. पण मला शिकवलं ते काळविटांनी. सरळ त्यांच्याकडं चालत गेलं की पळालीच. तिरकं, रमत, मधेच खाली बसत, नजर दुसरीकडं ठेवून गेलं की मान वर करून एकदा बघतात अन् परत चरायला लागतात. एकटक बघत सरळ येतो तो शिकारी, एवढं त्यांना पक्कं माहितीये.

कन्नडहून
गौताळ्यात अस्वल आहेत. वडील सांगायचे, अस्वलाला दिसतं कमी, नाक मात्र भारी, म्हणून आधी वारा कुठून कुठं वाहतोय ते बघ. मी अजूनही गाडीतून उतरायच्या आधी चिमूटभर माती सोडून बघते. २०२१ साली टिपेश्वरहून वाघ चालत आमच्या गौताळ्यात आला तेव्हा गावात भीती होती, मला मात्र सारखं वाटायचं की एवढे रस्ते, शेतं, गावं ओलांडताना त्यानं माणसाला किती वाचलं असेल, आपणच त्याला वाचायला कमी पडतो.

धाराशिवहून
वरच्या ताईंशी सहमत, पण जनावराशी नातं जुळलं असं म्हणताना जरा जपून. डिसेंबर २०२४ मधे आमच्या येडशी रामलिंग अभयारण्यात पण टिपेश्वरचा वाघ आला, लोक बघायला निघाले. त्याला आपण नकोत हे ओळखणं हीच माझ्यासाठी खरी ओळख. सफारीत वाघिणीचे कान मागं चिकटले, शेपटीचं टोक झटके द्यायला लागलं की मी फोटो सोडतो अन् म्हणतो, दादा, गाडी मागं घ्या. बाकीचे चिडतात, चिडू द्या. एकदा असंच मागं सरकलो अन् तिनं पिल्लांना रस्ता ओलांडवला.

प्रश्न माझाच होता, छान लिहायलेत सगळे. लांडग्यांवर अजून कुणीच लिहिलं नाही. ज्यांच्या घरी मेंढरं आहेत त्यांनी जरूर लिहा, कुत्र्यांच्या आधी मेंढरांना कळतं का ते पण सांगा.