मुलगी फार बुजरी आहे, गाईडच्या पथकात घालू का?

इंदिरानगरची आई
माझी मुलगी सातवीत आहे. गेल्या वर्षी आम्ही नाशिकरोडहून इकडे राहायला आलो, शाळा बदलली आणि तेव्हापासून तिला मैत्रीणच नाही. डबासुद्धा एकटी खाते, असं तिच्या बाईंनी सांगितलं. शाळेत गाईडचं, म्हणजे मुलींच्या स्काऊटचं, पथक आहे, दर शनिवारी दोन तास. घरचे म्हणतात, स्कॉलरशिपची परीक्षा आहे, त्यापेक्षा क्लास लाव. पथकात जाऊन खरंच फरक पडतो का?

माजी गाईड कॅप्टन, पंचवटी
ताई, नक्की घाला. मी बरीच वर्षं पथक चालवलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पथकात तीसेक मुली असल्या तरी तुमच्या लेकीला तिसांशी मैत्री जमवायची नसते. सहा ते आठ जणींचा एक गट असतो, त्याला आम्ही पेट्रोल म्हणतो. त्यात एक लीडर, एक तिची मदतनीस, कुणी शिधा-भांडी सांभाळणारी, कुणी प्रथमोपचाराची पेटी बघणारी. प्रत्येकीच्या वाट्याला काहीतरी येतंच. अशा लाजऱ्या मुलीला 'जा, बोल सगळ्यांशी' म्हटलं की ती अजून आक्रसते. तिच्याकडे मिठाची पुडी सोपवा, मग बाकीच्या आपोआप तिच्याकडे मीठ मागायला येतात.

सुरुवातीला माझंही चुकायचं. जिचा आवाज मोठा, तिला मी लीडर करायचे. एकदा अंजनेरीच्या पायथ्याशी शिबिर होतं. ऑगस्टचा पाऊस, सरपण चिंब भिजलेलं. लीडर ओरडून दमली, चूल काही पेटेना, मुली भुकेने एकमेकींवर चिडायला लागल्या. तेवढ्यात हजेरीलाही जेमतेम ओठ हलवणारी एक मुलगी उठली. तिने कोयत्याने लाकडाची ओली साल सोलून काढली, आतल्या कोरड्या गाभ्याच्या बारीक ढलप्या केल्या, चुलीच्या तोंडाशी वाऱ्याकडे पाठ करून बसली आणि वारा अडवला. आजोळ पेठ तालुक्यातलं, तिथे शिकली होती. खिचडी रात्री साडेदहाला झाली, तीही बुडाला लागलेली. सकाळी उठून बघते तर मुली मला नाही, तिला विचारत होत्या, "चूल कुठे मांडायची गं?"

त्यानंतर लीडर मी नेमली नाही, मुलींनीच निवडली. ती मुलगी दोन वर्षं लीडर होती. आवाज तिचा शेवटपर्यंत हळूच राहिला, पण तिचं गटात सगळ्या ऐकायच्या.

आणि हो, ही चळवळ मुलींनी स्वतः मागून घेतलेली आहे. १९०९ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मुलांचा स्काऊट मेळावा होता, तिथे काही मुली आपणहून जाऊन उभ्या राहिल्या, आम्हालाही हे हवंय म्हणाल्या. पुढच्याच वर्षी गाईड सुरू झालं. १९११ मध्ये आपल्याकडे जबलपूरला पहिलं पथक निघालंसुद्धा.

एक बाबा, गंगापूर रोड
आमचा अनुभव वेगळा. मुलीच्या पथकात वर्षभर फक्त १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीचं संचलन. गणवेश, स्कार्फ, शिटी सगळं घेतलं, शिबिर एकही नाही. तिने सोडून दिलं. तेव्हा आधी विचारून घ्या.

माजी गाईड कॅप्टन, पंचवटी
दादा, अगदी खरं. ताई, एखाद्या शनिवारी जाऊन लांबून बघा. दोन तास बाईच बोलत असतील तर काही उपयोग नाही. मुली आपापल्या गटात बसून वाद घालताना दिसल्या, तर निर्धास्त राहा.

कॉलेजची विद्यार्थिनी, सिडको
मी पाच वर्षं गाईड होते. मागच्या श्रावणात गोदाघाटावर एक मावशी पायरीवरून घसरल्या, मनगट सुजलं. गर्दी नुसती बघत होती. मी ओढणीची त्रिकोणी घडी घालून हात गळ्यात बांधला. गाठ रीफ नॉटची, ती सपाट बसते, रुतत नाही. नंतर लक्षात आलं की मी दोन अनोळखी काकांना चक्क हुकूम सोडले होते, एक रिक्षा आणा, एक पाणी आणा. त्यांनी आणलंही! आमच्या गटातल्या चौघी अजून दर रविवारी भेटतो.

इंदिरानगरची आई
सगळ्यांचे मनापासून आभार. काल शनिवारी जाऊन आले. मुली झाडाखाली गोल करून भांडत होत्या, सहलीला पांडवलेणी की रामशेज. माझी लेक गप्पच होती, पण शेजारच्या मुलीने तिच्या हातात दोरीचं एक टोक दिलं होतं. घरी आल्यापासून खुर्चीच्या पायाला गाठी मारतेय. दोन मीटर सुती दोरी हवी म्हणते, मेन रोडला मिळेल का?