शिक्षण परिषदेत जिओजेब्रावर सत्र घ्यायचे आहे : बिघडलेली आकृती द्यावी की दुरुस्त केलेली?

नमस्कार.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी ते आठवीला गणित शिकवतो. पुढच्या शिक्षण परिषदेत केंद्रातील, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातील, गणित शिक्षकांसाठी जिओजेब्रा या भूमितीच्या आकृत्या काढून त्या सरकवता येणाऱ्या अॅपवर पाऊण तासाचे सत्र घेण्याचे काम माझ्याकडे आले आहे. त्याच्या आखणीबाबत आपला सल्ला हवा आहे.

आठवीत शिरोलंब (त्रिकोणाच्या शिरोबिंदूतून समोरच्या बाजूवर टाकलेला लंब) शिकवताना एक चूक हटकून दिसते. विशालकोन त्रिकोणातही शिरोलंब आतच असणार असे गृहीत धरून मुले गुण्या तिरका करतात आणि रेघ कशीबशी समोरच्या बाजूवर टेकवतात. म्हणून मी जिओजेब्रात त्रिकोण काढला, वरच्या शिरोबिंदूतून पायावर लंबरेषा टाकून छेदनबिंदू घेतला, तिथपर्यंतचा रेषाखंड ठेवून लंबरेषा लपवली आणि वर्गातल्या टीव्हीवर तो शिरोबिंदू सरकवू लागलो. पायालगतचा कोन काटकोन होईपर्यंत सारे सुरळीत चालले होते; तो विशाल होताच शिरोलंब पडद्यावरून नाहीसाच झाला. "सर, ह्याला शिरोलंबच नाही," असे मागच्या बाकावरून आले आणि निम्म्या वर्गाला ते पटलेही.

चूक माझीच होती. पाया मी रेषाखंड म्हणून घेतला होता. लंबपाद, म्हणजे लंब जिथे टेकतो तो बिंदू, त्याच्या बाहेर गेला की जिओजेब्राच्या लेखी छेदनबिंदूच उरत नाही. पायाच्या दोन टोकांतून जाणारी रेषा काढून तिच्यावर छेदनबिंदू घेतला की शिरोलंब परत दिसतो. कागदावर आपण पाया तुटक रेषेने वाढवतो, तो याचसाठी. हे मला इतक्या वर्षांनी, तेही फजिती झाल्यावर, नीट उमगले.

आता प्रश्न असा की, सहकाऱ्यांना दुरुस्त केलेली फाइल द्यावी, की बिघडलेली देऊन शिरोलंब का नाहीसा होतो हे त्यांनाच शोधू द्यावे? कोणते बटण कुठे आहे एवढे सांगणारी प्रशिक्षणे आपण पुष्कळ पाहिली आहेत, आणि व्हिडिओतला त्रिकोण तर हाताने सरकवताही येत नाही. त्यामुळे माझा कल दुसऱ्या पर्यायाकडे आहे. मात्र काही ज्येष्ठ शिक्षक प्रथमच अॅप उघडतील आणि चारचौघांत अडल्यास ते अवघडतील, अशी भीती वाटते. अॅप आधी उतरवून ठेवल्यास नेटची अडचण नाही, पण प्रत्येकाच्या हाती मोबाइल द्यावा की तिघांत एक?

असे सत्र कोणी घेतले असल्यास सुरुवात कोणत्या प्रश्नाने केली आणि पाऊण तास पुरला का, हे कृपया कळवावे.