ऑपरेटरचा सुपरवायझर झालो, शिफ्ट कशी सांभाळायची?

प्रश्न: प्रेसशॉपमध्ये (प्रेस मशीनवर पत्रा कापायचा-वाकवायचा विभाग) १४ जणांची शिफ्ट हातात आलीये. निम्मे माझ्याहून सीनियर. सुरुवातीला बोलायचं काय आणि कामं वाटायची कशी?

शॉपफ्लोअरकर: शिफ्ट लागताना ५ मिनिटं, बोर्डापाशी, उभ्या उभ्या. आधी सेफ्टी, मग मागच्या शिफ्टचं रिजेक्शन, टार्गेट, कोण कुठल्या मशीनवर. रिजेक्ट पीस हातात घेऊन बर (कापलेल्या कडेला राहिलेली धारदार कोर) कुठे आलीये तिथे बोट ठेवा. नुसतं ‘क्वालिटी सांभाळा’ म्हणून काही होत नाही. चूक कुणाची, ते चारचौघांत काढू नका; बाजूला घेऊन बोला.

टूलरूम: स्किल मॅट्रिक्स करा, म्हणजे कुणाला कुठली मशीन किती येते त्याचा तक्ता. उभी नावं, आडव्या मशीन. चौकटीत १ ते ४: शिकतोय, देखरेखीखाली चालवतो, एकटा चालवतो, दुसऱ्याला शिकवतो. एखाद्या मशीनला ३ किंवा ४ वाला एकच असेल, तर त्याच्या रजेच्या दिवशी मशीन बंद. सीनियर मंडळींना ४ चा मान द्या, निम्मी कुरबुर तिथेच मिटते. शिकवताना आधी करून दाखवायचं, मग त्याच्याकडून करून घ्यायचं, आणि करताना ‘हे असं का?’ हे त्यानेच सांगायचं. हीच पायरी सगळे गाळतात. मान डोलावली म्हणजे कळलं, असं नसतं हो.

रात्रपाळी: ओव्हरटाइमची पाळी कागदावर लिहून बोर्डाला लावा, नाहीतर मर्जीतल्यांनाच मिळतो अशी बोंब होणारच. आणि माणूस कमी पडला की स्वतः मशीनवर बसायची जुनी सवय सोडा. तुम्ही एका प्रेसवर अडकलात तर बाकीच्यांची डाय (प्रेसमधला साचा) सेटिंग कोण बघणार?