धडे संपले म्हणजे शिष्यत्व झालं का?
ख्रिस्ती विश्वासात नवीन आलेल्यांकडून बारा धडे करून घेतले की मंडळीचं (चर्चचं) काम झालं, पुढचं पाळक (पास्टर) बघतील, असं काहीजण म्हणतात. हे मत मला पटत नाही. धडे हवेतच. पण बायबलमधल्या प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या १८व्या अध्यायातला उपदेशक अपुल्लोस पाहा. त्याला फक्त योहानाचा, म्हणजे पश्चात्तापाचा, बाप्तिस्मा ठाऊक होता; त्याची समज अपुरी होती. प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला यांनी त्याला भर सभास्थानात (यहुद्यांच्या प्रार्थनास्थळात) टोकलं नाही, जवळ घेऊन नीट समजावलं. आणि ती दोघं पाळक नव्हे, व्यवसायाने तंबू करणारी!

मी मंडळीतल्या एका तरुणासोबत वर्षभर दर आठवड्याला बसलो. आधी "समजलं का?" विचारायचो, तो मान डोलवायचा. मग विचारू लागलो, "यातलं या आठवड्यात काय करणार?" उत्तर तो वहीत लिहायचा आणि पुढची भेट त्याच ओळीपासून सुरू व्हायची. "भावाशी बोलणार" ही ओळ तीन आठवडे तशीच राहिली. मी उपदेश केला नाही, इतकंच विचारलं, "कशाची भीती वाटते?" तेव्हा तो पहिल्यांदा मोकळेपणाने बोलला, खूप रडला. आम्ही प्रार्थना केली आणि त्याने माझ्यासमोरच भावाला फोन लावला.