सहा जणांच्या टीमला काफ्का कशाला?

जुना_बॅकएंडवाला
परवा एकाने लिहिलं की दोन सर्व्हिस एकमेकींना थेट एपीआय कॉल करत असतील तर त्याला डिझाइनच म्हणू नये, नवीन सिस्टीम पहिल्या दिवसापासून मायक्रोसर्व्हिसेस, म्हणजे एकाच ॲपचे वेगवेगळे चालणारे छोटे प्रोग्राम, आणि मधे काफ्का, म्हणजे त्यांच्यातले मेसेज साठवून पुढे देणारी सिस्टीम, बाकी सगळं जुनाट. दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही. मी होतो त्या टीममधे हेच ऐकून काम झालं. दूध संकलनाचं सॉफ्टवेअर, सहा डेव्हलपर, चौदा सर्व्हिसेस. केंद्रावरून लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन पदार्थ) यांची नोंद काफ्कावर, तिथून दर काढणारी सर्व्हिस, मग बिल, मग एसएमएस. एकदा डिप्लॉयमेंट चालू असताना कंझ्युमरने, म्हणजे काफ्कावरून मेसेज उचलणाऱ्या प्रोग्रामने, नोंदी बिलात घातल्या आणि ऑफसेट, म्हणजे कुठपर्यंत वाचलं ती खूण, कमिट व्हायच्या आत तो मेला, दुसऱ्याने त्याच नोंदी परत उचलल्या, अख्ख्या एका पाळीचं दूध कितीतरी सभासदांच्या दहा दिवसांच्या बिलात दोनदा लागलं. जास्तीचे पैसे पुढच्या बिलातून कापले. ज्याचे कापले त्याला वाटणारच ना आपल्याला लुटलं म्हणून? शिव्या केंद्राच्या सचिवाने खाल्ल्या. हेच पोस्टग्रेस डेटाबेसच्या एका ट्रान्झॅक्शनमधे असतं तर नोंद आणि बिल दोन्ही झालं असतं नाहीतर दोन्ही नसतं झालं.

इव्हेंट_आधी
लिहिणारा मीच. चूक तुमची आणि बिल काफ्काच्या नावावर. मेसेज किमान एकदा येणार म्हणजे दोनदाही येऊ शकतो, हे धरूनच कंझ्युमर लिहायचा असतो. तुमच्याकडे इडेम्पोटन्सी की, म्हणजे तीच नोंद परत आली तर ओळखायची खूण, नव्हती एवढंच झालंय. थेट एपीआय असता तरी केंद्राचं नेट गेलं, टाइमआउट झाला, मशीनने परत पाठवलं की तीच नोंद दोनदा. आणि सकाळी सगळी केंद्रं एकदम सुरू होतात, तेव्हा बिलाची सर्व्हिस पडली म्हणून संकलन थांबवणार का? दूध तुमच्या सर्व्हरसाठी थांबत नाही, नासतं.

जुना_बॅकएंडवाला
की हवी होती, मान्य. पण ती एका टेबलावर युनिक कन्स्ट्रेंट (तीच की दुसऱ्यांदा आली तर नाकारणारा नियम) लावून एका ओळीत होते, आम्हाला चौदा ठिकाणी लावावी लागली. आणि रांगच हवी तर टेबलात ठेवा की. पोस्टग्रेस ९.५ मधे, म्हणजे २०१६ पासून स्किप लॉक्ड आहे, चार वर्कर एकमेकांच्या पायात न येता नोंदी उचलतात. ॲमेझॉन प्राइम व्हिडिओवाल्यांनीही २०२३ मधे सर्व्हरलेस (क्लाउडवर सुटे चालणारे) तुकडे एका प्रोसेसमधे आणून ९० टक्के खर्च वाचवल्याचं लिहिलं होतं.

इव्हेंट_आधी
ते उदाहरण फेकणं बंद करा. ते फक्त व्हिडिओ-ऑडिओची क्वालिटी तपासणारं एक टूल होतं, अख्खं प्राइम व्हिडिओ नाही. मूळ लेख वाचलाय का तुम्ही?

पाणंद
मधे बोलतो कारण आमच्या घरी म्हशी आहेत. ती की कशाची करणार ते सांगा आधी. सभासद, तारीख, पाळी अशी केली तर मेलात. एकच माणूस एकाच पाळीत गायीचं वेगळं आणि म्हशीचं वेगळं दूध घालतो, कधी कॅनमधे मावलं नाही म्हणून पोरगा पंधरा मिनिटांनी उरलेलं घेऊन येतो. युनिक कन्स्ट्रेंट लावलं की दुसरं माप गायब. पावती क्रमांक केंद्रावरच तयार व्हायला हवा, नेट असो नसो, आणि तोच शेवटपर्यंत जायला हवा.

रात्रीचा_फोन
माझा राग वेगळा आहे. ज्याने आमच्याकडे असं आर्किटेक्चर आणलं तो वर्षभरात रेझ्युमेवर काफ्का आणि सागा (अनेक सर्व्हिसमधला व्यवहार टप्प्याटप्प्याने करायचा पॅटर्न) लिहून दुसरीकडे गेला. मागे आम्ही तिघं. रात्री अडीचला लॅग, म्हणजे न उचललेल्या मेसेजचा ढीग, वाढला की फोन मला, बाळ दोन महिन्यांचं होतं तेव्हाही मला. पॅटर्न निवडणाऱ्याने निदान वर्षभर ऑन-कॉल करावं, मग निवडेल नीट.

स्विच_केलेला
म्हणजे शिकायचंच नाही का कोणी? सात वर्षं एकाच मोनोलिथवर (सगळं एकाच प्रोग्राममधे) होतो, प्रत्येक मुलाखतीत पहिला प्रश्न काफ्का वापरलाय का, नाही म्हटलं की दहा मिनिटांत विषय संपला. शेवटी कंपनीत छोट्या कामासाठी लावला, गरज नव्हती हे मला तेव्हाही माहीत होतं. घराचा हप्ता तुम्ही भरणार होतात का?

रात्रीचा_फोन
तुमचा हप्ता माझ्या झोपेवर फिटला, हे तुम्ही स्वतःच कबूल केलंत.

स्विच_केलेला
तुमच्या कंपनीत मी नव्हतो! राग काढायचा तर असल्या मुलाखती घेणाऱ्यांवर काढा. तीनशे युजरच्या ॲपसाठी माणूस हवा असतो आणि विचारतात नेटफ्लिक्स कसं बांधशील.

पाणंद
हे मात्र खरं आहे, आणि मुलाखत घेणाऱ्याने स्वतः तसलं काही बांधलेलं नसतं.

जुना_बॅकएंडवाला
मी पण अशा मुलाखती घेतल्यात आणि तेच प्रश्न विचारलेत. चुकलंच ते.

इव्हेंट_आधी
आता मूळ मुद्दा. तुम्ही नोंद आणि 'पाठवायचं बाकी' ही ओळ एकाच ट्रान्झॅक्शनमधे लिहिणार, मग वर्कर ती उचलणार. दादा, यालाच आउटबॉक्स म्हणतात, हा पण पॅटर्नच आहे. डेटाबेस कमिट झाला आणि काफ्कावर पाठवायच्या आधी प्रोसेस मेली, हा खड्डा बुजवायला तो असतो. म्हणजे पुढे गरज पडली तर त्याच टेबलातून काफ्का जोडता येईल. सहा जणांसाठी पहिल्या दिवसापासून काफ्का हे माझं वाक्य मागे घेतो, तेवढंच. संकलन आणि बिल वेगळे ठेवायचे, यावरून हलणार नाही.

जुना_बॅकएंडवाला
वेगळे मॉड्यूल ठेवा, वेगळे सर्व्हर नकोत. पाणंद, कॅन बदलला तर पावती एकच की दोन, आणि केंद्राचं मशीन बदललं तर क्रमांक पुन्हा एकपासून सुरू होतो का?

पाणंद
पावती दोन. मशीन बदललं की आमच्याकडे एकपासूनच. केंद्राचा कोड आणि मशीनचा नंबर पुढे लावा, नाहीतर नवीन नोंद जुनीच समजून गायब होईल.